डोळ्यांत तेल घालून... (पण खरोखर नाही हं!)

‘मराठी विभागाला लेख कमी पडतायत, तू काहीतरी टेक्निकल लिही,’ असं आमच्या संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी हसले. कारण माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठी आठवड्यातून तीन तास, आणि ‘एकोणसत्तर’ म्हटलं की अजूनही मनात एक सेकंद हिशोब करावा लागतो. तरी हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. का, ते पुढे कळेल. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

सुरुवात आपल्या वर्कशॉपपासून करते. पहिल्या वर्षी ग्राइंडिंग व्हीलपाशी उभं राहिलं की इन्स्ट्रक्टर सर ओरडायचे, ‘गॉगल कुठाय? डोळा काय स्पेअर पार्ट आहे का?’ आपण काय करायचो? गॉगल कपाळावर. सर आले की डोळ्यांवर, सर गेले की परत कपाळावर! मीही तेच करायचे. खरं तर मी तसं करायला नको होतं. सर सांगत होते ती गोष्ट मला बाराव्या वर्षीच कळली होती.

तो मे महिना

२०१७ चा मे. सातारा जिल्ह्यात मामाच्या गावी आम्ही सगळी भावंडं जमलो होतो. दुपारी मोठी माणसं झोपली की वाड्यामागच्या मोकळ्या जागेत आमचा विटी-दांडू सुरू. मी बारा वर्षांची, शहरातून आलेली, आणि मला विटी उडवता येते हे सगळ्यांना दाखवायची भारी हौस. माझा मामेभाऊ, त्याला सगळे बारक्या म्हणतात, तेव्हा सहा वर्षांचा. त्याला कोणी खेळायला घेत नव्हतं, म्हणून तो झेल पकडायला अगदी पुढे येऊन उभा राहिला होता. मी विटीच्या टोकावर दांडू मारला, विटी वर उडाली, आणि मी जीव खाऊन टोला हाणला.

विटी त्याच्या डाव्या डोळ्याला लागली.

तो फार रडलाही नाही. हाताने डोळा दाबून खाली बसला. मी घाबरून गेले. आजी बाहेर आली, ‘काय झालं गं?’ म्हणाली. आणि मी म्हणाले, ‘पडला.’

बारक्यानेही मान हलवली. ताईला ओरडा बसू नये म्हणून! आजीने मायेने डोळ्यात गाईच्या दुधाचे दोन थेंब सोडले, ओल्या फडक्याची पट्टी बांधली आणि झोपवलं. संध्याकाळी तो म्हणाला, ‘या डोळ्याने अंधार दिसतोय.’ मोठ्यांना वाटलं, पट्टीमुळे असेल. दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेला. तिथल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, ‘हा नुसता पडलेला नाही. काय लागलं याला?’ तेव्हा कुठे मी खरं सांगितलं. डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साठलं होतं. तसंच पुण्याला न्यावं लागलं.

पुढचं पुढे सांगते. आधी डोळा समजून घेऊ, कारण मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीला मशीन उघडल्याशिवाय चैन पडत नाही.

निसर्गाचं डिझाईन

डोळा म्हणजे साधारण २४ मिलिमीटर व्यासाचा, आत द्रव आणि जेलीसारखा पदार्थ भरलेला गोळा. समोरची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया, मराठीत पारपटल. ती मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्या मागे पाणी, मग बाहुलीचा पडदा, मग भिंग, आणि सगळ्यात मागे दृष्टिपटल, म्हणजे रेटिना. कॅमेऱ्याची उपमा शाळेत सगळ्यांनी ऐकलीये, पण कॅमेऱ्याची काच फुटली तर बदलता येते.

असा नाजूक गोळा निसर्गाने हाडांच्या खोबणीत बसवलाय. भुवईचं हाड, गालाचं हाड आणि नाकाचं हाड मिळून त्याला बंपर तयार होतो. फुटबॉलसारखी मोठी वस्तू चेहऱ्यावर आली की बराचसा मार हा बंपर खातो. पण खोबणीचं तोंड साधारण ४ सेंटिमीटर रुंद. त्याहून लहान वस्तू सरळ आत! क्रिकेटच्या चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर, टेनिस बॉलचा साडेसहा. म्हणजे हे दोन्ही बाहेर अडायला हवेत. पण टेनिस बॉल मऊ असतो ना? तो आपटल्यावर चपटा होतो आणि त्याचा फुगवटा खोबणीत शिरतो. ‘टेनिस बॉल आहे रे, काही होत नाही’ हे वाक्य आपण हॉस्टेलच्या ग्राउंडवर रोज ऐकतो. ते चूक आहे. बॅडमिंटनच्या फुलाचं बूच तर २५ ते २८ मिलिमीटरचं, खोबणीत नीट मावणारं. वजन फक्त पाच ग्रॅम, पण जाळीजवळून मारलेला स्मॅश जाळीपलीकडच्या भिडूच्या डोळ्यावर बसला तर ते पाच ग्रॅमही पुरतात.

आता विटी. गृहीत धरा, वजन ३० ग्रॅम आणि वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. अर्धा एम व्ही स्क्वेअर: ०.५ × ०.०३ × ४०० = ६ जूल. एक किलो साखरेची पिशवी दोन फुटांवरून सोडली तर साधारण तेवढीच ऊर्जा मिळते. फरक इतकाच की साखरेची पिशवी तळहाताएवढ्या जागेवर पडते आणि विटीचं टोक काही चौरस मिलिमीटरवर. बळ तेच, क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब प्रचंड. फर्स्ट इयर मेकॅनिक्सचं एवढं एकच गणित मी आयुष्यात विसरणार नाही.

आणि पळायला वेळ? बारक्या माझ्यापासून चार-एक मीटरवर होता. २० मीटर वेगाला ४ मीटर म्हणजे ०.२ सेकंद. माणसाला बघून हालचाल करायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. पापणी त्याआधी मिटते, पण पापणी म्हणजे कातडीचा पातळ पडदा, ती धूळ अडवते, लाकूड नाही. दहा मीटरवर असता तर त्याला अर्धा सेकंद मिळाला असता. मान वळवायला तेवढा पुरतो.

हे फक्त लहान मुलांचं आहे असं समजू नका. २००० साली ढाक्यात आशिया चषकात अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण करताना चेंडू उसळून सबा करीमच्या उजव्या डोळ्याला लागला आणि त्याची कारकीर्द संपल्यात जमा झाली. दक्षिण आफ्रिकेचा मार्क बाउचर तर चेंडूने नाही, बेलने जखमी झाला. जुलै २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या टाँटनला फलंदाज त्रिफळाचीत झाला, बेल उडाली आणि थेट त्याच्या डाव्या डोळ्यावर. हेल्मेट नव्हतं. पुढे तो आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलाच नाही. बेल म्हणजे तरी काय, गुळगुळीत केलेली विटीच! जगातल्या सर्वोत्तम यष्टिरक्षकाला जी चुकवता आली नाही, ती सहा वर्षांच्या पोराने कशी चुकवावी?

पानटपरीवरचं रसायन

मार लागणं डोळ्यांना दिसतं तरी. दुसरा धोका घरात, आजोबांच्या पानाच्या चंचीत बसलेला असतो. तो म्हणजे चुना.

सुट्टीत पाहुणे जमतात, पानतंबाखूच्या मैफली रंगतात आणि चुन्याची प्लॅस्टिकची पुडी किंवा ट्यूब ओट्यावर पडून राहते. मुलांना ती खेळण्यासारखी वाटते. तोंड सुकून बंद झालेलं असतं, मूल दोन्ही हातांनी दाबतं, आणि पुडी फुटून चुना सरळ चेहऱ्यावर उडतो. आपल्या देशात लहान मुलांच्या डोळ्यांच्या रासायनिक जखमांमध्ये चुन्याच्या पुड्यांचा मोठा वाटा आहे, हे नेत्रतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत.

इथे केमिस्ट्री बघा. आपल्याला वाटतं ॲसिड वाईट, चुना काय, खायचाच तर आहे. पण चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, त्याच्या निवळीचा पीएच साधारण १२.४. ॲसिड डोळ्यात गेलं की तिथली प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे पुढचं ॲसिड काही प्रमाणात अडतं. अल्कलीचं तसं नाही. बारावीला आपण साबण बनवायची अभिक्रिया शिकलो, स्निग्ध पदार्थ अधिक अल्कली. पेशींचं आवरण स्निग्ध पदार्थांचंच असतं. म्हणजे डोळ्यात अक्षरशः साबण तयार होतो आणि अल्कली आत आत जात राहते. त्यात चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात आणि तासन्‌तास झिरपत राहतात. काळ्या बुबुळाच्या कडेला ज्या मूळ पेशी असतात, त्या रोज नवी पारदर्शक कातडी पुरवतात. त्याच जळाल्या तर काच कायमची पांढुरकी होते.

यावर उपाय निघतायत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये एक पद्धत जगापुढे मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि ते जखमी डोळ्यावर पेरायचे, जणू रोपं लावतोय! वाचून मला फार अभिमान वाटला. पण पेरणी करायची वेळच येऊ नये, हे त्याहून बरं.

पहिली दहा मिनिटं इथे सगळ्यात महत्त्वाची. चुना, फिनेल, ॲसिड, काहीही डोळ्यात गेलं की दवाखाना नंतर, नळ आधी. डोळा उघडा धरून, पापणी वर करून, सलग अर्धा तास वाहतं स्वच्छ पाणी. मूल किंचाळेल, हातपाय झाडेल, तरी धरून ठेवायचं. पांढरे कण दिसले तर ओल्या कापसाने किंवा स्वच्छ रुमालाच्या टोकाने काढायचे. ‘ॲसिडने अल्कली मारू’ म्हणून लिंबू पिळण्याची इंजिनिअरिंग बुद्धी मुळीच चालवायची नाही! आणि मग पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे.

चीक, काटे आणि पाचोळा

आंब्याच्या झाडावर चढलेल्या पोराला कैरीच्या चिकाने तोंडाला फोड येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रुईचा चीक त्याहून भयंकर. चैत्रात हनुमान जयंती येते, मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची म्हणून मुलांनाच पानं तोडायला पाठवतात. पान तोडलं की दुधासारखा चीक येतो, हात तसाच डोळ्याला लागतो. गंमत म्हणजे, खरं तर गंमत कसली, हा चीक गेल्यावर दुखतं फारसं नाहीच! नुसतं धुरकट दिसायला लागतं. दुखत नाही म्हणून मूल बोलत नाही आणि आत कॉर्नियाला सूज चढत जाते. बांधावरच्या शेराच्या कुंपणाचंही तसंच, फक्त शेराचा चीक चांगलाच झोंबतो. पानं मोठ्यांनी तोडावीत, मुलांनी तोडली तर लगेच साबणाने हात धुवावेत, आणि चीक डोळ्यात गेलाच तर चुन्यासारखंच भरपूर पाणी.

काटा, फांदी, उसाचं पातं, गवताचं कुसळ, यांची जखम लहान असते पण वाईट. वनस्पतीच्या कणांबरोबर बुरशी डोळ्यात जाते. चार-पाच दिवसांनी डोळा लाल होतो, काळ्यावर पांढरा ठिपका दिसतो. अशा वेळी घरातली कोणाची तरी उरलेली ड्रॉप्सची बाटली काढून दोन थेंब सोडणं हा आपला राष्ट्रीय छंद. त्या बाटलीत स्टिरॉइड असेल तर लाली कमी होते, सगळे खूश होतात, आणि बुरशी आत मोकळी सुटते. जुनी बाटली कचऱ्यात टाका. कोणालाही देऊ नका.

जत्रा, वरात आणि ऊन

उन्हाळा म्हणजे गावोगावच्या जत्रा. जत्रेत दोन गोष्टी हमखास मिळतात, छर्ऱ्यांची प्लॅस्टिक बंदूक आणि लाल-हिरवा लेझर. छर्रा लहान, म्हणजे खोबणीचं गणित तुम्हाला आता सांगायला नको. लेझरचं वेगळंच. डोळ्याचं भिंग त्या किरणाला रेटिनावर एका टिंबात गोळा करतं, आणि ते टिंब नेमकं आपण वाचतो, चेहरे ओळखतो त्या जागी असेल तर तिथे भाजल्याचा डाग पडतो. दुखत नाही, आणि पूर्ण बरा होईल याची खात्री नाही. स्वस्त लेझरवरचं लेबल खरं असेलच असं नाही, म्हणून मुलांच्या हाती लेझर नकोच.

लग्नसराईत वरातीपुढे फटाके. वरातीतल्या मोठ्यांचं लक्ष नाचण्यात. न फुटलेला फटाका वाकून बघायला सगळ्यात आधी धावतं ते दहा वर्षांचं पोरगं. न फुटलेल्या फटाक्यावर लांबूनच बादलीभर पाणी ओतायचं, त्याच्यावर वाकायचं नाही.

पोहण्याच्या गॉगलचा एक बारकावा. बरेच जण समोरून ओढून गॉगल काढतात, ओला रबर हातातून निसटतो आणि गॉगलची कड सपकन डोळ्यावर बसते. मागून पट्टा वर उचलून काढायला शिकवा.

राहिलं ऊन. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार स्वच्छ असतं, म्हणून मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील किरण आत पोचतात. रस्त्यावरचा नुसता काळा गॉगल उलट घातक ठरू शकतो, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण अडवणारा थर नसेल तर आत जास्तच शिरतात. ‘यूव्ही ४००’ असं खात्रीच्या दुकानातलं बघून घ्या, नाहीतर सरळ रुंद काठाची टोपी. आजोबांची टोपी चालेल, फॅशन गेली खड्ड्यात.

मुलांचा डोळा वेगळा का?

आता बारक्याकडे येते. साठलेलं रक्त औषधांनी आणि पूर्ण विश्रांतीने ओसरलं. पहिल्या चार-पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून सहा वर्षांच्या पोराला पलंगावर बसवून ठेवायचं होतं! मामी त्याला दिवसभर गोष्टी सांगायची. पुढे काही आठवड्यांत माराने त्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं, कृत्रिम भिंग बसवलं. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण डोळा बघत नाही, मेंदू बघतो. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू बघायला शिकत असतो. तेवढ्यात एका डोळ्याकडून धूसर चित्र आलं की मेंदू त्याचं ऐकणं सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून मेंदूला जबरदस्तीने दुसऱ्याचं ऐकायला लावायचं. बारक्याला शाळेत पोरं चिडवायची, तो पट्टी काढून दप्तरात टाकायचा. आज तो चौदा वर्षांचा आहे. डाव्या डोळ्याने मोठी अक्षरं दिसतात, पुस्तक वाचता येत नाही. खोली कळायला दोन डोळे लागतात, म्हणून सुईत दोरा ओवताना तो दोनदा चुकतो. त्याला सैन्यात जायचं होतं. आता तो त्याबद्दल बोलत नाही. आणि माराने डोळ्यातला दाब पुढे कित्येक वर्षांनीही वाढू शकतो, म्हणून दरवर्षी तपासणी.

ज्या लुई ब्रेलच्या लिपीने जगभरचे अंध वाचतात, त्याची कथाही घरातल्या अपघाताचीच. १८०९ साली फ्रान्समधल्या कूप्रे गावात तो जन्मला, वडील घोड्यांचे साज शिवणारे. तीन वर्षांचा असताना वडिलांची चामडं टोचायची आरी हातात घेतली, ती डोळ्यात गेली. जखम चिघळली, दुसराही डोळा गेला, आणि पाचव्या वर्षी संपूर्ण अंधत्व. पंधराव्या वर्षी त्याने आपली लिपी तयार केली, हे त्याचं मोठेपण. पण आरी वरच्या फळीवर ठेवली असती तर?

लक्षात ठेवा (हे पान फाडून भिंतीवर लावलंत तरी चालेल)

१. काहीही झालं तरी डोळा चोळू नका, चोळू देऊ नका.

२. धूळ, कचरा असेल तर पापण्या मिटा-उघडा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. रसायन असेल तर अर्धा तास धुवा.

३. मार लागला असेल, कापलं असेल, काही घुसलं असेल तर धुवू नका, दाबू नका, घुसलेली वस्तू ओढू नका. कागदी कप अर्धा कापून त्याचा खालचा भाग डोळ्यावर असा चिकटवा की कड हाडावर टेकेल, डोळ्यावर नाही.

४. दूध, मध, तूप, गुलाबपाणी, तुळशीचा रस, काजळ, जुने ड्रॉप्स, काहीही घालू नका.

५. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका. वेदनाशामक गोळीही विचारूनच.

६. काळ्या भागात रक्त, बाहुली वेडीवाकडी, एकाचे दोन दिसणं, अंधुक दिसणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला नेत्रतज्ज्ञ. गाडी नसेल तर १०८. डोळा वरून पांढराशुभ्र दिसतो पण मुलाला वर बघता येत नाही आणि उलट्या होतायत, तर समजा की खोबणीचं हाड मोडलं असू शकतं. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून थांबू नका.

७. काय लागलं, किती वाजता लागलं, हे खरं सांगा. आणि मुलांना खरं सांगता येईल असं वागा. आधी दवाखाना, ओरडा नंतर. नाहीच ओरडलात तर उत्तम.

गॉगलबद्दल थोडं

साधा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे. काच फुटली तर तीच डोळ्यात जाते. हवा तो पॉलिकार्बोनेट. हे प्लॅस्टिक १९५३ साली जर्मनी आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी तयार झालं. ते वाकतं, ओरखडतं, पण सहजासहजी फुटत नाही, आणि अतिनील किरण स्वतःच अडवतं. अमेरिकन मानकाच्या कठीण चाचणीत सव्वासहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने चष्म्याच्या भिंगावर मारतात आणि भिंग टिकावं लागतं. आपल्या वर्कशॉपमध्ये कपाळावर शोभणारा गॉगल याच जातीचा आहे! आपल्याकडे डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस ५९८३ हे भारतीय मानक आहे, घेताना तो आकडा बघा. आणि ज्या मुलाचा एकच डोळा धड आहे, त्याने खेळताना असा चष्मा घालायलाच हवा. त्याच्याकडे खरोखरच स्पेअर पार्ट नाही.

शेवटी

तुम्ही म्हणाल, हॉस्टेलच्या अंकात हे कशाला? आम्हाला कुठे मुलं आहेत?

मित्रांनो, परीक्षा संपली की आपण घरी जातो. तिथे आपण ‘मोठे’ असतो. दुपारी आई-बाबा, काका-मामा झोपलेले असतात आणि दहा लहान पोरांच्या टोळीचा कॅप्टन आपणच असतो, कोणाचा दादा, कोणाची ताई. नियम आपण ठरवतो. विटीची टोकं बोथट करायची, समोर पंधरा पावलांच्या आत कोणी उभं राहायचं नाही, बारक्यांना मागे स्कोअर मोजायला बसवायचं, एवढं सांगायला पदवी लागत नाही. आणि स्टाफ क्वार्टर्समधल्या सर-मॅडमना आणि मेसच्या मावशींना एक विनंती: मे महिन्यात तुमची मुलं आमच्याच ग्राउंडवर असतात. आमच्यापैकी कोणी जोरात मारताना दिसलं तर कान धरा, राग येणार नाही.

मागच्या दिवाळीत बारक्याने मला विचारलं, ‘ताई, वर्कशॉपमध्ये गॉगल घालतेस ना?’ मी ‘हो’ म्हणाले. तेही खोटंच होतं. त्याच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलले, हे मला रात्रभर टोचत राहिलं. परत आल्यावर पहिल्या प्रॅक्टिकलला गॉगल कपाळावरून खाली आला, तो आजतागायत खालीच आहे. आजीला हा लेख वाचून दाखवायचाय, म्हणून मराठीत लिहिला. तिला अजून वाटतं, दुधात काही कमी पडलं. तिला सांगायचंय की दुधाचा दोष फार थोडा होता. मी खरं सांगायला एक रात्र उशीर केला.

मुलांकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. फक्त डोळ्यांत खरोखर तेल तेवढं घालू नका!